सुटलेली गाठ

सकाळी आठ वाजता निवृत्त स्काउटमास्तर अण्णांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी तयार केलं. सर्जन त्यांच्याच पथकातला जुना स्काउट. तपासून जाता जाता तो हसत म्हणाला, "सर, गाठींच्या परीक्षेत मी नापास झालो होतो, आठवतंय?"

सर्जन बाहेर पडताच अण्णांचा मुलगा कुजबुजला, "अण्णा, अजून वेळ गेलेली नाही. दुसरा डॉक्टर बघू या."

"नापास कुठला? मी पास केलं होतं त्याला. दुसऱ्या दिवशी बॅज परत द्यायला दारात उभा. म्हणे, 'सर, घरी जाईपर्यंत गाठ सुटली.' घे, हा चष्मा सांभाळ."

आठ चाळीसला थिएटरच्या दारावरचा लाल दिवा लागला. चष्मा मुलाच्या मुठीत आहे. दिवा अजून विझलेला नाही.