अंदाजाने चालणार नाही

आमच्या ह्यांना सगळं काटेकोर लागतं. परळच्या लॅबमधून रिपोर्ट घेतला आणि काउंटरवरच भडकले. वाईट कोलेस्टेरॉलचा आकडा थेट मोजलेला नव्हता, बाकीच्या आकड्यांवरून हिशेबाने काढलेला होता.

"न मोजताच छापता? असलं अंदाजपंचे मला चालत नाही. बोलवा डॉक्टरांना!"

डॉक्टर बाहेर आल्या. शांतपणे म्हणाल्या, "थेट मोजायचीही टेस्ट असते, काका. मी स्वतः करून देते."

ह्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी डॉक्टरांच्या ॲप्रनवरचं नाव वाचलं, डॉ. दीपिका गमरे, आणि माझा दंड धरून मला दाराकडे ओढलं.


"चल, दुसरीकडे करू. आडनाव बघितलंस ना? कोट्यातली असणार, हिला काय येतंय!"