बोटाएवढी बोट

ॲडमिरल सबनीसांनी नव्या वर्गाची पाणबुडी टेबलावर ठेवली. ती करंगळीएवढी होती.

“हुकूम मिळाला की ही जहाजाखाली जाऊन फुटते,” ते म्हणाले. “तुमचं सत्तर मीटरचं धूड आता भंगारात.”

धक्क्याला लागलेल्या त्या धुडाला, म्हणजे जुन्या पाणबुडीला, कमांडर यामिनी तांडेल आणि तिचे खलाशी नुसतं ‘बोट’ म्हणत.

“एवढी जागा लागतेच कशाला? खाटा, भटारखाना, संडास!” सबनीस यामिनीला म्हणाले.

“माणसं असतात ना, सर. हुकूम चुकला, समोर प्रवासी जहाज निघालं, तर आम्ही ‘नाही’ म्हणतो. ही काय म्हणेल?”

“काहीच नाही. तेच तर हवंय. आजच बोट रिकामी करा. हुकूम आहे.”

यामिनीने ती वस्तू उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली.

“ही बोट नव्हे, सर. हे नुसतं बोट आहे, बटण दाबणारं. बोट तिकडे धक्क्याला उभी आहे, आणि ती ‘नाही’ म्हणतेय.”