बलभीमनानांचा विरोध

येरमाळ्याच्या चढाला बलभीमनानांची जुनी मोटारसायकल पुन्हा बंद पडली. मिस्त्री म्हणाला, "पेट्रोलमधल्या इथेनॉलनं कार्बोरेटरचं रबर खाल्लंय, नाना." तसे नाना तडक पंपावर गेले.

"बिनइथेनॉलचं पेट्रोल दे."

"तसलं इकडं येतच न्हाय, नाना. सरकारचा नियमच हाय, मिसळूनच येतंय."

"मिसळताना मला इचारलं व्हतं का कुणी?"

पंपवाला हसला, आणि नानांचं डोकं आणखी फिरलं. घरी येऊन ते बायकोवर, सत्यभामेवर बरसले, "उद्या साखर कारखान्याची सभा हाय. इथेनॉल तिथंच बनतंय, अन् म्या तिथला सभासद हाय! चेअरमनला तोंडावर इचारतो, आमच्या उसाची साखर करायची सोडून आमच्याच गाड्यांची वाट का लावता?"

"दरसाल जाताय अन् बुंदी खाऊन येताय," सत्यभामा म्हणाली. "औंदा तरी तोंड उघडा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाना घामाघूम होऊन गाडी ढकलतच परत आले. सत्यभामा दारातच उभी होती.

"बोललात का मग?"

"बोललो की. चेअरमननं इथेनॉलचा कारखाना दुप्पट करायचा ठराव वाचला, अन् साऱ्या मंडपात पैला आवाज माझा!"

"काय म्हणलात?"

नानांनी गाडी भिंतीला टेकवली आणि रागारागानं तिच्या टाकीवर एक चापट हाणली.

"दरसालची सवय, दुसरं काय! तोंड उघडलं अन् निघालं, मंजूर!"