धूर निळा होईतो

मंगळ्यानं कोळशाची भट्टी वेळेच्या एक दिवस आधी उघडली होती. वारा आत शिरला आणि महिनाभर तोडलेल्या लाकडांची राख झाली. तेव्हा बापाचा मार खाऊन पळालेला तो कोयनेच्या धरणावर चार वर्षं खडी फोडून ताम्हिणीच्या रानात परतला. नव्या भट्टीसमोर ओंडक्यावर बसलेल्या बापानं, धाकलूनं, मानही वळवली नाही. “आये, बाच्या पाया पडू?” मंगळ्यानं विचारलं. गंगूनं नवऱ्याची ताठ पाठ पाहिली. “आत्ता न्हाई. त्याला बोलू दे आदी.” ओठांवर आलेली रदबदली गिळून ती नाचणीचं पीठ मळत बसली. उन्हं कलल्यावर धाकलू भट्टीकडंच बघत म्हणाला, “उघडायची का रं?” मंगळ्यानं मातीच्या भेगांतला धूर बराच वेळ निरखला. “आजून पांढरा हाय, बा. निळा झाला की उघडू.” धाकलू सरकला, ओंडक्यावर जागा झाली. तेव्हा कुठं गंगूनं चूल पेटवली.