चौदा नंबरची तक्रार

चौदा नंबर आज पुन्हा बंद होता. सलग अकरावा दिवस.

"मेकॅनिक, चौदा लागत नाही," फोनवर बोर्डाकडून आवाज आला.

"बघतो, बोर्ड," म्हणून त्याने रिसीव्हर ठेवला. संग्रहालयातला तो जुना टेलिफोन एक्स्चेंजचा बोर्ड बारा पावलांवर होता. बोर्डासमोर कानाला हेडफोन लावून बसलेली ऑपरेटर मेकॅनिकची बायको होती.

चार वर्षांत दोघं घरात एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. चार वर्षांपूर्वी एकाच दिवशी दोघं टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात मेकॅनिकने भाषण ठोकलं आणि बोलण्याच्या भरात सांगून टाकलं, की एक्स्चेंजमधल्या निम्म्या तक्रारी लाइनच्या नसायच्याच, ऑपरेटरच्या डुलकीच्या असायच्या. लोक पोट धरून हसले. तीस वर्षं तक्रारवही लिहिणारी त्याची बायको पहिल्या रांगेत बसली होती. ती हसली नाही. त्या संध्याकाळपासून घरचा कारभार सुनेमार्फत सुरू झाला. त्यांना सांग, गॅस संपलाय. त्यांना सांग, ऐकू आलं. सून वैतागून म्हणायची, मी काय इथे एक्स्चेंज उघडलंय?

मग संग्रहालयाला वीस लाइनींचा जुना बोर्ड चालू स्थितीत मांडायची हौस आली. दुरुस्तीला मेकॅनिक हवा होता, चाचणीला ऑपरेटर. दोघांनी एकमेकांना न विचारता होकार कळवला. कामावरचं बोलणं ते कामाचं, त्याने अबोला मोडत नाही, असं दोघंही धरून चालले.

तीन आठवड्यांत बोर्ड ठणठणीत झाला. काम संपलं की बोलणं संपणार, हे मेकॅनिकच्या ध्यानात आलं, आणि दुसऱ्याच दिवशी चौदा बंद पडला.

बिघाड शोधताना ती दुसऱ्या लाइनीवरून विचारायची, आता येतोय का आवाज? तो म्हणायचा, येतोय, पण बारीक. त्या बारीकवरून गोष्ट त्याच्या कानावर जायची, कानावरून डॉक्टरवर, डॉक्टरवरून धाकट्या मेव्हण्याच्या गुडघ्यावर. संध्याकाळी चौदा सुरू व्हायचा. निघताना मेकॅनिक फडकं आणायला म्हणून बोर्डामागे जायचा आणि चौदाची तार ढिली करून यायचा. बसमध्ये दोघं वेगवेगळ्या सीटवर बसून घरी जायचे.

संग्रहालयाच्या प्रमुखांचा संशय उंदरांवर होता. दोनदा औषध फवारून झालं. अकराव्या संध्याकाळी त्यांचा धीर सुटला. उद्या दहाला अखेरची तपासणी, त्यांनी जाहीर केलं. वीसही लाइनी चालल्या, की काच बसवून सील. नंतर बोर्डाला कुणी बोट लावायचं नाही. सगळे बाहेर पडेपर्यंत ते स्वतः बोर्डामागे उभे राहिले आणि कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. मेकॅनिकचं फडकं आतच राहिलं.

सकाळी सुतार काच घेऊन हजर. प्रमुख कागद घेऊन मेकॅनिकच्या शेजारी उभे. एकेक फोन वाजू लागला. मेकॅनिक उचलायचा, बायको विचारायची, ऐकू येतंय? येतंय. प्रमुख कागदावर खूण करायचे. तेरा झाला.

चौदा खणखणीत वाजला. मेकॅनिकने जड हाताने उचलला. लाइन इतकी स्वच्छ होती, की बायकोचा श्वास ऐकू येत होता.

"मेकॅनिक," ती म्हणाली, "चौदा बंद आहे."

प्रमुखांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. "काय म्हणतायत बाई?"

"बंद आहे म्हणतेय."

"अहो, आत्ता माझ्यासमोर वाजला. तुम्ही बोलताय त्याच्यावर."

मेकॅनिकने रिसीव्हर कानावरून काढला नाही. बारा पावलांवर पोचेल अशा आवाजात तो म्हणाला, "साहेब, बंदच लिहा. तीस वर्षांत हिची एक नोंद कधी चुकलेली नाही."