उखाण्यात आलं की बुडालं

"कंपनीचं नाव आलंच पाहिजे," वरमाई भागीरथीबाई म्हणाल्या. "माझा हर्ष काय किराणा दुकानात बसतो?"

"नाही येणार," अहल्याक्का म्हणाल्या आणि पानावरची कोशिंबीर चाखू लागल्या.

राजाजीनगरच्या कल्याणमंटपात लग्नाची पंगत बसली होती. नवरी मनस्विनी अक्कांची नात, आणि उखाणा अर्थातच अक्कांचा. बेंगळुरातल्या जुन्या मराठी घरांत दुसऱ्या कुणाचा उखाणा चालतच नसे.

पण ख्याती मोठी वाईट. अक्कांच्या उखाण्यात जे आलं ते बुडालं. एका नवरीने हट्टाने सूतगिरणीचा भोंगा त्यात घालून घेतला. दिवाळीच्या आत भोंगा मुका. दुसरीने टेलिफोनचा कारखाना घालून घेतला. तिथे आता वटवाघळं उलटी लटकून एकमेकांना फोन लावतात. तिसरीला विमान हवं होतं. ते विमान होसकोटेच्या माळावर उतरलं ते उतरलंच, आणि परवापरवापर्यंत त्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. शेवटी मारतहळ्ळीच्या एका कंपनीचा बडा साहेब रेशमी साडी घेऊन दारात उभा राहिला. "अम्मा, आमचं नाव तेवढं कशात घेऊ नका." अक्कांनी साडी ठेवून घेतली.

"बाजार कळायला पेपर कशाला वाचता? चार लग्नं जेवून या," असं त्या सांगत.

तेव्हा नातजावयाची नोकरी त्या स्वतःच्या हाताने कशी बुडवतील? त्यांनी नातीला अगदी निरुपद्रवी उखाणा दिला होता. मनस्विनी लाजत उभी राहिली.

"दारातल्या जास्वंदीला उमललं फूल,
हर्षरावांच्या जोडीने मांडते नवी चूल."

टाळ्या पडल्या. अक्कांनी निःश्वास सोडला. तेवढ्यात पोरींनी गलका केला, "आता भावजी! भावजींनी पण!" साखरपुड्यापासून धड दहा शब्द न बोललेला हर्ष उठला. स्वतःच जुळवलेलं त्याने घडाघडा म्हटलं,

"गळ्यात कार्ड, दारात बस, काचेमागे माझी खुर्ची,
मनस्विनीची दृष्ट काढा, ओवाळा मीठ-मिरची!"

मंटप हसून लोटपोट. "ऐकलंत, अक्का?" भागीरथीबाई ओरडल्या. "शेवटी आलंच की नाही?"

अक्कांचा घास हातातच राहिला. त्या हर्षकडे झुकल्या. "अरे मूर्खा, काय केलंस हे? उखाणा माझा नसला म्हणून काय झालं, लग्न माझ्याच घरचं ना? आता जाईल ना ती खुर्ची!"

हर्ष पानाकडे बघत पुटपुटला, "स्वल्प हळू, अक्का. सोमवारीच गेली. आईला ठाऊक नाही."

खुर्ची सोमवारी गेली. उखाणा आजचा.

अक्कांना भोंग्याची नवरी आठवली. तिचे डोळे आदल्या दिवसापासून सुजलेले होते. विमानवालीचा बाप मांडवात कुणाशी बोलत नव्हता. तो साहेबही काही उगाच साडी घेऊन आला नव्हता. अक्कांच्या उखाण्याने कधीच काही बुडवलं नव्हतं. हातात असतं त्याचं यमक कुणी जुळवत नाही. सुटायला लागलं की जुळवतात.

"आता विहीणबाई!" पंगतीतून कुणीतरी ओरडलं.

भागीरथीबाई तयारच होत्या. पदर सावरून, साऱ्या मंटपाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात त्यांनी सुरुवात केली,

"उघडला नळ की घरात येते कावेरीची धार..."