कोरडं ऊन

"आमच्याकडचं ऊन कोरडं असते, पोरी. तुमच्या मुंबईसारखी घामाची चिकचिक नाही." लग्न होऊन अकोल्यात आले तेव्हापासून सासरे मला हेच ऐकवत होते. मी कूलरपुढून हलायचे नाही आणि ते भर मे महिन्यात खिशात कांदा टाकून सायकलनं बाजारात जायचे.

आजही भरदुपारी परतले. पिशवी ठेवता ठेवता भिंतीला टेकले. मी पुढे केलेला पाण्याचा ग्लास त्यांच्या हातातून निसटला. मी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. तव्यासारखं तापलेलं, आणि कोरडं ठणठणीत.

"पाहा, घामाचा थेंब तरी आहे का?" ते अभिमानानं हसले.

मला मात्र दरदरून घाम फुटला. मी त्यांच्या डोक्यावर ओला टॉवेल धरला. ते माझ्याकडे पाहत राहिले.

"तुम्ही कोणाकडे आल्या, बाई?"